उंची नको, मुक्काम सांगा

गणपती विसर्जन झालं की फोन सुरू होतात. "मावशी, नेपाळला जायचंय. ईबीसी करू की अन्नपूर्णा?" विचारणाऱ्यानं बहुतेक वेळा व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर सगळं ठरवलेलं असतं, त्याला माझा फक्त शिक्का हवा असतो. मग मी उलट विचारते: सुट्टी किती? सोबत कोण? तीन हजार मीटरच्या वर कधी झोपला आहेस का? शेवटच्या प्रश्नावर हमखास उत्तर येतं, "हो, रोहतांगला गेलो होतो की!" रोहतांगला कुणी झोपत नाही. बर्फात फोटो काढून मंडळी संध्याकाळी मनालीत जेवायला हजर असतात. मेख तिथंच आहे. पुढे लिहिलंय ते मी फोनवर सांगते तेच, फक्त जरा ऐसपैस.

१. ट्रेकची सर्वांत जास्त उंची विचारू नका

जाहिरातीत एकच आकडा ठळक छापलेला असतो. एव्हरेस्ट बेस कॅम्प, म्हणजेच ईबीसी, ५,३६४ मीटर. अन्नपूर्णा सर्किटवरची थोरोंग ला खिंड ५,४१६ मीटर. फरक पन्नासेक मीटरचा, म्हणजे दोन्ही सारखेच असं वाटतं. पण हे दोन ट्रेक शरीराकडे दोन अगदी वेगळ्या गोष्टी मागतात.

थोरोंगला तुम्ही साडेचार हजारांच्या आसपास, थोरोंग फेदीला झोपता, पहाटे अंधारात निघता, नऊशे-हजार मीटर चढता आणि त्याच दिवशी पलीकडे सोळाशे-एक मीटर उतरून मुक्तिनाथला पोहोचता. एक दिवस जीव काढतो, पण रात्री तुम्ही पुन्हा बऱ्या हवेत असता. ईबीसीला असा एक भयंकर दिवस नसतो. तिथं लोबुचे ४,९४०, मग गोरक्षेप ५,१६४ अशा ओळीनं रात्री काढायच्या असतात, आणि साडेपाच हजारांच्या सुमारास हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्यावर आलेला असतो. चालताना माणूस दम खात खात निभावून नेतो. झोपेत श्वास मंदावतो, मध्येच थांबतो आणि दचकून जाग येते.

गोरक्षेपच्या लॉजमधली संध्याकाळ बघण्यासारखी असते. मधोमध शेणाच्या गोवऱ्यांची शेगडी, भोवती डाऊन जॅकेटं घालून बसलेली माणसं, प्रत्येकापुढे लसणाचं सूप आणि ते कुणीच संपवत नाही. ऑक्सिमीटर हातोहात फिरत असतो. कुणाचे ७८, कुणाचे ८३. शेअर बाजार बघावा तसे सगळे आकडे बघत असतात आणि दुसऱ्याचा आकडा आपल्यापेक्षा कमी निघाला की चेहऱ्यावर जरा तरतरी येते. अशा ठिकाणी आपण झोपू शकतो का, हे ठाऊक नसेल तर पहिल्या ट्रेकला ईबीसी घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. खप त्याचाच जास्त आहे, ते सोडा.

२. रात्रींची यादी मागा आणि पेन्सिल घेऊन बसा

डॉक्टर मंडळींचा सर्वसाधारण नियम सोपा आहे: तीन हजार मीटरच्या वर झोपण्याची उंची रोज पाचशेच्या वर वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक जादा मुक्काम त्याच जागी करावा. दिवसा कितीही वर जाऊन या, हिशेब रात्रीचा. आता ईबीसीचा नेहमीचा कार्यक्रम ताडून पाहा. फाकडिंग २,६१०, मग एकदम नामचे बाजार ३,४४०. ही उडी मोठी आहे, म्हणून नामचेला दोन रात्री. तेंगबोचे ३,८६०. दिंगबोचे ४,४१०, तिथं पुन्हा दोन रात्री. मग लोबुचे. यातली दुसरी नामचे किंवा दुसरी दिंगबोचे गाळून "एक दिवस कमी, पैसेही कमी" असं कुणी सांगत असेल, तर तो स्वस्तात ट्रेक विकत नसून तुमच्या डोकेदुखीची सोय करतोय.

सह्याद्रीतला सराव इथं निम्माच कामी येतो. राजगड-तोरणा एका दमात मारणाऱ्याचे पाय तयार असतात, पण कळसूबाई १,६४६ मीटर आणि ईबीसीचं विमान जिथं उतरतं ते लुकलाच २,८०० च्या वर. विरळ हवा तुमचे पाय बघत नाही. उलट पाय चांगले असलेला पोरगा पुढे पळतो, दोन टप्पे एका दिवसात मारतो आणि संध्याकाळी गुडघ्यांत डोकं घालून बसतो. मागून रमतगमत आलेल्या काकू मात्र दुसरा भात मागत असतात. हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय.

३. चढायच्या आधी उतरायची वाट पाहून ठेवा

डोंगरात आजारी पडल्यावर खरं औषध एकच, खाली जाणं. त्यामुळे वाट निवडताना मी आधी बघते की माघार किती सोपी आहे.

ईबीसी, अन्नपूर्णा बेस कॅम्प, लांगटांग या जाऊन-येऊनच्या वाटा. आलात तसेच परत फिरायचं. गोरक्षेपला कुणाचं बिनसलं तर काही तासांत फेरिचेपर्यंत उतरता येतं आणि तिथं हंगामात हिमालयन रेस्क्यू असोसिएशनचा दवाखाना चालू असतो. खिंडीच्या वाटांचं तंत्र निराळं. थोरोंग, चो ला, मनास्लूची लार्क्या ला, इथं तुमचं सगळं पुढे पडलेलं असतं: पुढचं लॉज, पुढची जीप, परतीचं विमान. मागे फिरणं म्हणजे सगळं वेळापत्रक मोडणं. त्यामुळे थोडं डोकं दुखत असलं तरी माणूस म्हणतो, "खिंड ओलांडली की उतारच आहे." उतार असतो खरा, पण तो खिंडीच्या पलीकडे.

ऑक्टोबर २०१४ आठवा. हुदहुद चक्रीवादळ १२ ऑक्टोबरला विशाखापट्टणमजवळ किनाऱ्यावर आदळलं आणि त्याचा उरलासुरला जोर दोनच दिवसांत थोरोंग परिसरात हिमवादळ होऊन कोसळला. चाळीसहून अधिक माणसं गेली, ट्रेकर आणि स्थानिक दोन्ही. ऑक्टोबर हा तिथला सर्वांत भरवशाचा महिना मानतात, आणि एरवी तो आहेच. पण बंगालच्या उपसागराचा तो चक्रीवादळांचाही काळ आहे. तेव्हापासून खिंडीच्या वाटेवर कुणी जाणार असेल तर मी सांगते, थोरोंगच्या अलीकडच्या मानांगला असताना वरचं आकाश बघालच, पण एक फोन घरी करून किनाऱ्याच्या बातम्याही विचारा. वादळ उठलं असेल तर खिंडीच्या अलीकडेच मुक्काम वाढवा. मानांगलाही त्या असोसिएशनचा दवाखाना आहे. हंगामात तिथले डॉक्टर उंचीच्या आजारांवर बोलतात, ते चुकवू नका. फुकटचा सल्ला म्हणून हसू नका, त्या खोलीत बसलेल्या निम्म्या लोकांना तेव्हाच कळतं की आपल्याला झालंय ते पित्त नव्हे.

४. कमी उंची म्हणजे सोपा ट्रेक नव्हे

अन्नपूर्णा बेस कॅम्प ४,१३० मीटर. ईबीसी-थोरोंगपेक्षा खूप कमी, म्हणून आईवडिलांना घेऊन निघालेले लोक हाच निवडतात. त्यांनी छोम्रोंगच्या पायऱ्या पाहिलेल्या नसतात. गाव डोंगराच्या कुशीवर, आणि तिथून दगडी पायऱ्या थेट ओढ्यापर्यंत खाली. झुलता पूल ओलांडायचा की समोर सिनुवाचा चढ. आणि येताना हे सगळं उलटं. मी तिथं एका पायरीवर बसले होते तेव्हा शाळेचा गणवेश घातलेली एक मुलगी खांद्यावर दप्तर घेऊन धावत वर गेली, थोड्या वेळानं खाली आली, पुन्हा वर गेली. दप्तरात काहीतरी विसरलं असावं. माझ्या पुढच्या पायरीवर ठाण्याचे एक काका गुडघ्याला पट्टा बांधत तिच्याकडे बघत होते. त्या नजरेत कौतुक नव्हतं.

गुडघे कुरकुरणारे असतील तर ही वाट नकोच. ईबीसीची वाट उंच असली तरी दिंगबोचेच्या पुढे पायांना त्यामानानं सोसवते. अन्नपूर्णा बेस कॅम्पला उंची सोसते, पाय बोलतात.

याच वाटेवरची दुसरी गोष्ट हिमस्खलनाची. हिंकू गुहा ते देउराली हा टप्पा अरुंद दरीतून जातो आणि वरचा बर्फ वाटेवरून दिसतच नाही. डोक्यावर निळं आकाश, आजूबाजूला शांतता, आणि धोका मात्र दृष्टीच्या पलीकडच्या उतारावर. जानेवारी २०२० मध्ये इथंच कोरियाचे चार शिक्षक आणि तीन नेपाळी वाटाडे गाडले गेले. हिवाळ्याच्या शेवटी आणि वसंताच्या सुरुवातीला, ताजा बर्फ पडला असेल तर हा टप्पा पहाटे, गप्पा न मारता पार करायचा किंवा खाली एक दिवस थांबायचं.

५. रस्ता झाला म्हणून नाक मुरडू नका, पण जीपमध्ये बसताना विचार करा

"सर्किट आता संपलं, मानांगपर्यंत जीप जाते," असं जुने ट्रेकर हळहळून सांगतात. मला या हळहळीची गंमत वाटते. आपण पुण्यात चौथ्या उड्डाणपुलासाठी आंदोलन करणार आणि मानांगच्या बाळंतिणीनं मात्र डोलीतून जावं, कारण आपल्याला फोटोत तार नको! रस्ता त्यांच्या हक्काचा आहे.

माझी तक्रार निराळी. सर्किट जिथून सुरू होतं ते बेसीशहर आठशे मीटरच्या आतबाहेर, मानांग साडेतीन हजारांच्या वर. पूर्वी हे अंतर चालताना आठवडा जायचा आणि त्या आठवड्यात शरीर आपोआप तयार व्हायचं. १९५३ साली हिलरी-तेनझिंग यांची मोहीमही काठमांडूच्या खोऱ्यातून चालतच एव्हरेस्टच्या पायथ्याशी, खुंबूला गेली होती. आता जीप दीड-दोन दिवसांत वर आणून सोडते. सर्किट करायचंच तर पिसांगच्या अलीकडे जीप सोडा आणि वरच्या पिसांगहून घ्यारू, ङावलची उंचावरची वाट धरा. पलीकडे अन्नपूर्णेची रांग पूर्ण उघडते, धूळ खाली राहते आणि मानांगला पोहोचेपर्यंत रक्तानं आपलं काम सुरू केलेलं असतं.

हेच मुक्तिनाथच्या यात्रेलाही लागू. महाराष्ट्रातून कितीतरी ज्येष्ठ मंडळी पोखरातून, म्हणजे आठशे-एक मीटरवरून, बघता बघता पावणेचार हजारांच्या आसपास नेली जातात आणि १०८ धारांखाली गारठलेल्या पाण्यात अंग भिजवतात. श्रद्धेचा प्रश्न नाही. वाटेत जोमसोम किंवा मार्फाला एक रात्र काढायला मुक्तिनाथाची हरकत नसावी.

६. लुकलाचं विमान हा ट्रेकचाच भाग धरा

लुकलाची धावपट्टी ५२७ मीटर लांब, एका टोकाला डोंगर, दुसऱ्या टोकाला दरी. ढग आले की सगळं बंद. ऐन हंगामात बरीच विमानं काठमांडूऐवजी रामेछापच्या मंथलीहून सुटतात, त्यासाठी मध्यरात्री जीपमध्ये बसावं लागतं. सोमवारी कामावर हजर व्हायचं असेल आणि हाताशी जादा दोन दिवस नसतील, तर खुंबूचं नाव काढू नका. रजा वाढवून मिळेल, पण विमान अडलेल्या लुकलात हेलिकॉप्टरसाठी वाटेल ते पैसे मोजणारी माणसं बघवत नाहीत.

७. एव्हरेस्ट बघायचाय की बेस कॅम्पची पाटी?

बेस कॅम्पवरून एव्हरेस्टचं शिखर दिसत नाही. हे ऐकून फोनवर पलीकडे शांतता पसरते. शिखर बघायला काला पत्थर चढावं लागतं. मग मी त्याच भागातल्या गोक्योचं नाव सुचवते. नेपाळातली सर्वांत लांब ङोजुम्पा हिमनदी शेजारी, काठावर निळी-हिरवी तळी, आणि ५,३५७ मीटरच्या गोक्यो रीवरून एव्हरेस्ट, ल्होत्से, मकालू, चो ओयू असे चार अष्टहजारी एका नजरेत. गर्दीही ईबीसीपेक्षा कमी.

फक्त एक सापळा आहे. दोले, माछेर्मो, गोक्यो ही ठाणी एकमेकांच्या फार जवळ, दोन-तीन तासांवर. दुपारी बारालाच मुक्कामी पोहोचल्यावर बसवत नाही, "पुढचं गाव दिसतंय की" म्हणून लोक निघतात. अंतर छोटं, उंची मोठी. दुपार पत्त्यांत घालवा, पुस्तक वाचा, भांडा, पण पुढे जाऊ नका.

८. ठरतच नसेल तर लांगटांग

विमानाची भानगड नाही. काठमांडूहून दिवसभर गाडीत हाडं खिळखिळी करून स्याब्रुबेसी, तिथून चालत तीन-चार दिवसांत क्यान्जिन गोम्पा, ३,८७० मीटर. २५ एप्रिल २०१५ च्या भूकंपात वरून कोसळलेल्या बर्फ-दगडांखाली लांगटांग गाव पार गाडलं गेलं. नव्या गावाकडे जाताना वाट त्याच दगडांच्या पसाऱ्यावरून जाते. नव्या गावातली लॉजं तिथल्या वाचलेल्या माणसांनी पुन्हा उभी केली आहेत, तेव्हा खोलीच्या भाड्यात घासाघीस करू नका.

क्यान्जिनला दोन रात्री काढायच्या. मधल्या दिवशी पाय चालत असतील तर ४,९८४ मीटरचा त्सेर्को री, जरा कमी हवं असेल तर क्यान्जिन री. दोन्हीनंतर झोपायला पुन्हा खालीच. आणि डोकं जड वाटत असेल तर दोन्ही सोडा, गावात याक चीजचा जुना कारखाना आहे, तिथं जाऊन अर्धा किलो चीज घ्या. पुण्यापर्यंत टिकतं.