बर्फातला घास

शोभिवंत मासे पाळणाऱ्यांच्या व्यवहारात 'फ्रोझन' हा शब्द बहुधा दोन गुणांचा दाखला म्हणून उच्चारला जातो: खाद्य ताजे आहे आणि ते निर्जंतुक आहे. वस्तुतः या दोहोंपैकी एकाचीही हमी तो शब्द देत नाही. गोठवल्याने जिवाणूंची वाढ थांबते आणि कुजण्याची क्रिया मंदावते. मात्र सर्व जिवाणू त्यामुळे मरत नाहीत, खाद्य ज्या चिखलातून आले त्यातील धातू व रसायने निघून जात नाहीत, आणि जे पोषण मुळात नव्हते ते थंडीने उत्पन्न होत नाही. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या पट्ट्यात हा भेद विशेष महत्त्वाचा ठरतो, कारण येथे असे खाद्य पुष्कळदा कुर्ल्याच्या किंवा क्रॉफर्ड मार्केटच्या बाजारातून लोकलने येते, वीज अवेळी जाते, आणि पाणीकपातीच्या दिवशी टाकीतील बिघडलेले पाणी बदलायचे म्हटले तरी नळ कोरडा असतो.

या खाद्यांत पुष्कळ खपणारा ब्लडवर्म हा नावाप्रमाणे कृमी नसून, डासासारख्या दिसणाऱ्या पण न चावणाऱ्या कायरोनोमिड माशीची अळी आहे. तिचा लाल रंग हिमोग्लोबिनमुळे येतो. तळाच्या चिखलात प्राणवायू अत्यल्प असतो आणि हे द्रव्य तो धरून ठेवण्यास अळीला साहाय्य करते. ट्युबिफेक्स हा मात्र खराखुरा कृमी असून तो सांडपाण्याच्या गाळात गुच्छांनी वाढतो. म्हणजे माशांना प्रिय असलेले हे दोन्ही जीव स्वभावतःच घाणीचे रहिवासी आहेत, आणि गाळातील विषारी धातू त्यांच्या शरीरात साठू शकतात. वालधुनी आणि उल्हास या नद्यांच्या प्रदूषणाचा प्रश्न राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापर्यंत गेलेला आहे. नोव्हेंबर २०१४ मध्ये उल्हासनगरात वालधुनीत सोडलेल्या रसायनाच्या वायूने शेकडो रहिवाशांना रुग्णालयात जावे लागले होते. अशा प्रवाहाच्या काठचा गाळ उपसून फुकटचे ट्युबिफेक्स मिळवण्याची आणि ते घरीच गोठवण्याची क्लृप्ती स्वस्त असली तरी त्याज्य समजावी. विकतचे ट्युबिफेक्सही, ते कोठे वाढवले हे विक्रेत्याला सांगता येत नसेल तर, टाळणेच बरे.

प्रस्तुत विवेचनामागे अंबरनाथमधील एका घरगुती टाकीचा अनुभव आहे, आणि त्यातील चुका टाकीच्या पालकाच्या, म्हणजे प्रस्तुत लेखकाच्याच, असल्याने त्या झाकण्याचे प्रयोजन नाही. मे महिन्यातील एका दुपारी ब्लडवर्मची पातळ लादी प्लास्टिकच्या साध्या पिशवीतून लोकलने घरी आणली गेली. घरी पोहोचेपर्यंत तिच्या कडा मऊ होऊन पिशवीच्या कोपऱ्यात तांबडे पाणी जमले होते, आणि तरीही ती फ्रीजरमध्ये पुन्हा गोठवण्यात आली. पुढे ते तुकडे न वितळवता, न धुता, टाकीत टाकले गेले. एंजल मासे ते अधाशीपणे खात असल्याने मात्रा वाढवण्यात आली आणि कोरडे दाणे जवळजवळ बंद झाले. तिसऱ्या आठवड्यात माशांनी खाणे सोडले, कल्ल्यांची उघडझाप वाढली, पाण्याला कुबट वास येऊ लागला. तपासणीत अमोनिया आढळला तो नेमका पाणी न येण्याचा दिवस होता. सहापैकी चार एंजल दगावले. यांपैकी कोणती चूक प्राणघातक ठरली हे निश्चयाने सांगणे कठीण आहे. विक्रेत्याला दोष देणे सोपे होते आणि काही दिवस तो दिलाही गेला. परंतु लादी दुकानातून निघाली तेव्हा दगडासारखी कडक होती, हे विसरता येत नाही.

पुन्हा गोठवण्यातील धोका समजून घेण्यासारखा आहे. पहिल्या गोठण्यात पेशींतील पाण्याचे स्फटिक होऊन काही पेशी फाटतात. खाद्य वितळले की त्या फाटक्या पेशींतून प्रथिनयुक्त रस बाहेर झिरपतो, त्यावर जिवाणू झपाट्याने वाढतात, आणि दुसऱ्यांदा गोठवले की ही वाढलेली संख्या तशीच बर्फात साठवली जाते. सावकाश गोठण्यात स्फटिक मोठे होतात आणि नासधूसही मोठी होते; कारखान्यातील शीघ्र गोठवण आणि घरगुती फ्रीजर यांतील खरा फरक हाच आहे. दुकानात पाकीट पाहताना म्हणूनच अळ्या अखंड व वेगवेगळ्या दिसतात का, कोपऱ्यात गोठलेल्या तांबड्या रसाचा गोळा आहे का, आत बर्फाचा भुगा साचला आहे का, हे निरखावे. छोट्या खणांत भरलेल्या वड्यांचा आकार बिघडला असेल तर ते पाकीट केव्हातरी वितळले होते असे खुशाल समजावे. लादीत ही खूण दडून जाते, आणि एका वेळेपुरता तुकडा मोडताना उरलेली लादीही मऊ होते. म्हणून थोडे महाग पडले तरी वड्यांचे पाकीट श्रेयस्कर.

पोषणमूल्य वाचताना आणखी एक घोटाळा होतो. गोठलेल्या खाद्यात पाण्याचा अंश सुमारे ८५ ते ९० टक्के असतो, त्यामुळे पाकिटावर प्रथिने ५ टक्के दिसली की ते निकृष्ट वाटते आणि ४० टक्के प्रथिनांचे कोरडे दाणे श्रेष्ठ वाटतात. योग्य तुलना पाणी वजा करून उरणाऱ्या शुष्कांशावर करावी लागते: ९० टक्के पाणी असलेल्या खाद्यात शुष्कांश १० टक्के, त्यात ५ टक्के प्रथिने, म्हणजे शुष्कांशाच्या निम्मी. हिशेब उलटही चालतो. १०० ग्रॅमच्या अशा पाकिटात प्रत्यक्ष अन्न केवळ १० ग्रॅम असते, बाकीच्या पाण्याचेही पैसे मोजलेले असतात.

तथापि प्रथिने म्हणजे सर्व पोषण नव्हे. आर्टेमिया या खाऱ्या पाण्यातील इवल्या कवचधारी जीवाची नुकती उबलेली पिल्ले अंड्यातील बलकामुळे पौष्टिक असतात, पण त्यांच्यात समुद्री माशांना अत्यावश्यक असलेले डीएचए हे मेदाम्ल जवळजवळ नसते. म्हणून त्यांना गोठवण्यापूर्वी तेलयुक्त खाद्य चारून 'समृद्ध' केले जाते आणि पाकिटावर तसा उल्लेख असतो. गोड्या पाण्यातील पुष्कळ मासे वनस्पतिजन्य मेदाम्लांपासून आपली गरज काही अंशी भागवू शकतात, त्यामुळे त्यांच्याबाबत हा प्रश्न तितका तीव्र नाही. डॅफ्निया, म्हणजे पाणपिसू, हिच्या कवचाचा चोथा पचनास साहाय्यक ठरतो. एंजल आणि फायटर हे मांसाहारी असल्याने त्यांना ब्लडवर्म मानवतो. गोल्डफिशला जठर नसते, अन्न थेट आतड्यात जाते. त्याला थोडथोडे द्यावे आणि अधूनमधून उकडून सोललेला मटार. मॉली, प्लेको, तसेच खडकावरील शेवाळ खरवडणारे मलावी सरोवराचे सिक्लिड यांना ब्लडवर्मची चटक लावणे हा अन्याय होय. त्यांच्यासाठी स्पिरुलिनायुक्त खाद्यच हवे.

ऑस्करसारख्या मोठ्या माशांसाठी अनेक जण कोळणीकडून ताजा जवळा किंवा कोलंबी आणून घरीच गोठवतात. ही पद्धत वाईट नाही. जवळा स्वच्छ पाण्यात अनेकदा धुऊन, निथळून, पिशवीत कागदासारखा पातळ पसरून गोठवावा, म्हणजे तो लवकर गोठतो आणि हवा तेवढाच तुकडा मोडता येतो. मात्र कार्पच्या व तारलीच्या कुळातील काही माशांत, तसेच काही शिंपल्यांत, थायमिनेज नावाचे विकर असते आणि ते ब१ जीवनसत्त्वाचा नाश करते. हे विकर शिजवल्याने निकामी होते, गोठवल्याने नव्हे. त्यामुळे रोज एकच कच्चा समुद्री घास देणे अयोग्य. बकऱ्याच्या काळजाचे मिश्रणही काही घरांत दिले जाते, पण सस्तन प्राण्याची चरबी टाकीच्या तापमानाला थिजते आणि माशांना ती नीट पचत नाही. आहाराचा पाया चांगल्या दाण्यांचाच असावा, गोठलेले खाद्य आठवड्यातून दोन-तीनदा, दोन-तीन मिनिटांत संपेल इतकेच द्यावे, आणि ज्या दिवशी पाणी येणार नाही त्या दिवशी ते मुळीच देऊ नये. शिल्लक राहिलेला घास कुजून अमोनिया होतो, आणि उष्ण पाण्यात तो अधिक घातक ठरतो.

देण्यापूर्वी वडी टाकीच्याच वाटीभर पाण्यात वितळवून, बारीक जाळीतून गाळून, रस फेकून द्यावा. चिमटा वापरावा, कारण कायरोनोमिड अळीच्या हिमोग्लोबिनची ॲलर्जी माणसांना होते आणि ती दम्यापर्यंत जाऊ शकते. ज्या घरात फ्रीजरमध्ये आइस्क्रीम असते, किंवा श्रावणात अंडेही शिरत नाही, तेथे झाकणाचा वेगळा डबा आणि घरच्यांची आगाऊ संमती या दोन गोष्टी पोषणाइतक्याच आवश्यक आहेत!

कुर्ल्याहून अंबरनाथ-बदलापूरकडे येताना थर्मोकोलच्या डब्यात नुसता बर्फ पुरत नाही, कारण साधा बर्फ शून्य अंशावर वितळतो आणि खाद्य त्याहून किंचित खालीच मऊ पडू लागते. कुल्फीवाला बर्फात खडेमीठ घालतो ते याचसाठी. मिठाने तापमान शून्याखाली उतरते. पाकीट दुसऱ्या घट्ट पिशवीत बांधून अशा बर्फात ठेवल्यास तासाभराचा प्रवास निभावतो. घरी ते उणे १८ अंशांवर, दारापासून दूर, मागच्या बाजूस ठेवावे. आपल्या गैरहजेरीत वीज खाद्य वितळण्याइतका वेळ गेली होती का हे कळण्यासाठी एक युक्ती आहे: पेल्यात पाणी गोठवून त्या बर्फावर नाणे ठेवायचे, नाणे खाली बुडालेले दिसले, तर मधल्या काळात सगळे वितळून पुन्हा गोठले होते. अंबरनाथच्या त्या घरात आता असा पेला आहे. गेल्या पावसाळ्यात त्यातील नाणे दोनदा तळाशी सापडले आणि दोन्ही वेळा भरलेले पाकीट कचऱ्यात गेले. उरलेले दोन एंजल त्या दिवसांत दाण्यांवर राहिले.