थॅलेसेमिया : नात्यांचं गणित

"आमच्या घरात हा आजार कुणालाच नाही," असं आपण सहज बोलून जातो. पण काही आजार घरात असूनही दिसत नाहीत. बीटा थॅलेसेमिया त्यातलाच एक.

हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीचं जनुक ११व्या गुणसूत्रावर असतं. त्याची एक प्रत आईकडून येते, एक वडिलांकडून. एकच प्रत सदोष असेल तर माणूस 'मायनर', म्हणजे वाहक. तो ठणठणीत असतो. फार तर हिमोग्लोबिन थोडं कमी. दोन्ही प्रती सदोष असतील तर 'मेजर'. अशा मुलाला साधारण दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं, शिवाय शरीरात साठणारं लोह काढायला औषधं.

आता प्रोबॅबिलिटी आठवा. आई-वडील दोघेही मायनर असतील तर प्रत्येक वेळी मूल मेजर होण्याची शक्यता १/४, मायनर १/२, निर्दोष १/४. पहिलं मेजर झालं म्हणून पुढची तीन सुटली, असं नाही!

मेजर मुलाचा धडधाकट भाऊ मायनर असण्याची शक्यता किती? १/२ म्हणालात तर मार्क गेले. तो मेजर नाही हे ठाऊक आहे, म्हणून उरलेल्या तीन भागांत दोन मायनर, म्हणजे २/३. आणि मावसभाऊ? त्याची मावशी नक्की वाहक, म्हणून आई वाहक असण्याची शक्यता किमान १/२, आणि त्याची स्वतःची किमान १/४.

भारतात सरासरी शंभरात तीन-चार जण वाहक आहेत. मुलुंड-घाटकोपरला आपल्या शेजारी राहणाऱ्या सिंधी, लोहाणा, भानुशाली समाजांत प्रमाण जास्त आहे, पण मराठी घरंही सुटलेली नाहीत.

बोरिवली पूर्वेला महापालिकेचं थॅलेसेमिया व अस्थिमज्जा प्रत्यारोपण केंद्र आहे. मात्र प्रत्यारोपणासाठी सख्ख्या भावंडाशी पूर्ण जुळणी होण्याची शक्यताही १/४च.

त्यापेक्षा लग्नाआधी एचबी-ए-टू ही रक्ततपासणी करून घ्यावी. प्रमाण ३.५ टक्क्यांच्या वर आलं तर बहुधा मायनर. दोघांपैकी एकच मायनर असेल तर मूल मेजर होत नाही. दोघेही असतील तर गर्भाची तपासणी वेळेत करता येते.

आणि रिपोर्टमध्ये मायनर निघालं तर लपवू नका. "पोरीचं लग्न मोडेल" म्हणून घरचे गप्प बसतात, आणि मामे-मावस भावंडं अंधारात राहतात. पत्रिका जुळवताना छत्तीस गुण बघतो ना? मग हा एक आकडाही बघूया.