राजीनाम्याआधी

चि. वैशाली,


शिक्षणाधिकारीपद सोडून शिक्षक मतदारसंघातून उभं राहायचं तुझ्या मनात आहे, असं ताई म्हणाली. राहा उभी. पण ‘जिल्ह्यातले सगळे शिक्षक मला ओळखतात’ हे गणित सोडून दे. ते तुझ्या सहीला ओळखतात. शिवाय तू प्राथमिकची अधिकारी, आणि जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शिक्षकांना त्या मतदारसंघात मतच नाही. मतदार माध्यमिकपासून पुढचे.

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनच्या टोनी एव्हर्स यांच्याबद्दल जरूर वाच. शिक्षक, मुख्याध्यापक, मग शाळांचे प्रशासक. तिथं राज्याचा शिक्षणप्रमुख लोक निवडून देतात. त्या पदासाठी ते १९९३ मध्ये हरले, २००१ मध्येही हरले. त्या वर्षी ज्या बाई निवडून आल्या, त्यांच्याच हाताखाली पुढं आठ वर्षं उपप्रमुख म्हणून राबले. (आपल्याकडं एवढ्यात दोन पक्ष बदलून झाले असते!) २००९ मध्ये ते स्वतः निवडून आले.

२०१८ मध्ये गव्हर्नर स्कॉट वॉकर यांच्यासमोर उभे राहिले, तेव्हा विरोधकांनी जुनी फाइल उकरली. शाळेच्या संगणकावर अश्लील चित्रं पाहणाऱ्या एका शिक्षकाचा परवाना एव्हर्सनी रद्द केला नव्हता. तेव्हाच्या कायद्यात ते बसत नव्हतं, हे त्यांचं उत्तर. पण प्रचाराच्या जाहिरातीला कलमं कुठली कळायला? तीस हजारांहूनही कमी मतांनी ते निसटते जिंकले. वक्ते म्हणून सपकच, पण शाळेचा पैसा कुठं अडतो हे त्यांना पक्कं ठाऊक. २०२३ मध्ये अर्थसंकल्पातल्या ‘२०२४-२५’मधला ‘२०’ आणि मधली रेघ खोडून, शाळांना दर विद्यार्थ्यामागे दरवर्षी ३२५ डॉलर जादा उभारायची मुभा त्यांनी थेट २४२५ सालापर्यंत नेली. न्यायालयातही ते टिकलं. फायलीत मुरलेल्या माणसालाच असलं सुचतं. मला तर हसूच आलं.

तेव्हा आधी स्वतःच्या फायली विरोधकाच्या नजरेनं वाच. कुणाच्या मान्यता अडवल्यास, कुणाला नोटिसा दिल्यास, त्यांतल्या कुठल्या निर्णयाचं समर्थन भर सभेत करता येईल? आणि विनाअनुदानित शाळांच्या टप्पा अनुदानाबद्दल तू नेमकं काय करणार, ते एका पानात लिहून मला पाठव. ते पान हाती येईपर्यंत राजीनामा देऊ नकोस.

तुझा,
मामा