पाप कोणाचे?

शास्त्रपाठ : योहान ९:१-४

अठराव्या ते विसाव्या आठवड्याच्या सुमारास सोनोग्राफीने गर्भस्थ बालकाचा मेंदू, कणा व हृदय न्याहाळता येते. चेन्नई येथील फीटल केअर रिसर्च फाउंडेशनने २००१ साली भारतातील जन्मजात व्यंगांची नोंदवही सुरू केली. अशा नोंदींतून कारणांचा शोध लागतो. कण्याचे दुभंगलेपण गर्भधारणेनंतरच्या पहिल्या २८ दिवसांतच उद्भवते, पुष्कळदा मातेला दिवस गेल्याचे कळण्यापूर्वीच; म्हणून फॉलिक ॲसिड आधीपासून घ्यावे लागते.

गंभीर व्यंग आढळल्यास वैद्यकीय मंडळाच्या संमतीने २४ आठवड्यांनंतरही गर्भपात करता येतो, अशी २०२१ सालची कायदादुरुस्ती आहे. हा भार वाहणाऱ्या दांपत्याला मंडळीत मात्र निराळाच प्रश्न ऐकावा लागतो : पाप कोणाचे? शिष्यांनीही जन्मांधाविषयी हेच विचारले. प्रभूने ना त्याला दोषी ठरवले, ना त्याच्या आईबापांना.

प्रिय वाचकहो, यापुढील वाक्य भाषांतरकाराला अडवते. प्रचलित वाचनानुसार, देवाची कार्ये प्रकट व्हावीत म्हणून तो आंधळा जन्मला. किती मातांना हे वाचन बोचले असेल! परंतु प्राचीन ग्रीक हस्तलिखितांत विरामचिन्हे जवळजवळ नसत; पूर्णविराम कोठे द्यावा हे आपण ठरवतो. तो प्रभूच्या नकारानंतर दिला, तर पुढील अर्थ असा जुळतो : देवाची कार्ये प्रकट व्हावीत म्हणून दिवस आहे तोवर आपण काम केले पाहिजे. व्याकरण दोन्हींना वाव देते. मी दुसऱ्या वाचनाकडे झुकतो; त्यात अंधत्वाचे प्रयोजन सांगितलेले नाही, शिष्यांना काम सांगितले आहे.