घरातल्याच्या गुन्ह्याचे ओझे

प्रश्न : अतिरेकी गटात गेलेल्या माणसाने खून केला, तर त्याच्या घरच्यांनी मृताच्या कुटुंबाची माफी मागावी का?

उत्तर : गुन्हा त्यांचा नाही, त्यामुळे माफीची सक्ती नको. पण तोंड मिटून बसल्याने दोन्ही घरे कुढत राहतात. ३० जुलै १९७७ रोजी पश्चिम जर्मनीत ‘रेड आर्मी फॅक्शन’ या अतिरेकी गटाने ड्रेस्डनर बँकेचे प्रमुख युर्गेन पोंटो यांना राहत्या घरी गोळ्या घातल्या. मारेकऱ्यांना घरात प्रवेश मिळाला, कारण सोबत पोंटोंच्या जुन्या मित्राची मुलगी सुझाने आल्ब्रेश्ट होती. विश्वासाचाच असा वापर झाला, हे मला सर्वांत क्रूर वाटते. सुझाने १९९० मध्ये पूर्व जर्मनीत पकडली गेली. तिची धाकटी बहीण युलिया ही पोंटोंची धर्मकन्या; पोंटोंची मुलगी कोरिना ही युलियाच्या वडिलांची धर्मकन्या. अनेक वर्षांच्या दुराव्यानंतर या दोघी पत्रांतून बोलू लागल्या आणि २०११ मध्ये त्यांचे एकत्रित पुस्तक आले. बहिणीवरची माया न सोडताही तिच्या कृत्याला खून म्हणता येते. तुमच्या माहितीत असे कुटुंब असेल, तर त्यांना आधी एक पत्र लिहायला सांगा. उत्तर देणे, न देणे मात्र मृताच्या घरच्यांवर सोडा.