मापक एक, वाटा सहा : संवेदकांच्या चुकीच्या नोंदींचा शोध

वाफ्यातील माती कोरडी पडलेली असते. यंत्रावरचा आकडा मात्र ती ओली असल्याचे सांगतो. त्यावर विसंबल्याने पंप सुरू होत नाही आणि रोपे माना टाकतात. अशा वेळी दोष संवेदकाच्या माथी मारला जातो. नवा संवेदक बसविला तरी आकडा तसाच राहतो. कारण चूक पुष्कळदा संवेदकात नसून, अनेक संवेदकांना आळीपाळीने मोजणाऱ्या व्यवस्थेत असते.

शाळांच्या प्रयोगशाळांत आढळणारा आर्डुइनो उनो हा फलक या दृष्टीने अभ्यासण्यासारखा आहे. त्यावर संवेदकांसाठी सहा वाटा आहेत. परंतु विद्युत दाबाचे अंकांत रूपांतर करणारा परिवर्तक एकच आहे. मल्टिप्लेक्सर हा भाग एका वेळी एकच वाट खुली करतो. त्या वाटेवरील दाब सुमारे १४ पिकोफॅरड क्षमतेच्या इवल्याशा धारित्रात साठविला जातो आणि त्याचे ० ते १०२३ यांपैकी एका अंकात रूपांतर होते. संदर्भ दाब ५ व्होल्ट असल्यास ५१२ हा अंक २.५ व्होल्ट दर्शवितो.

दूध संकलन केंद्रावर एकाच भांड्यात सर्वांचे नमुने घेतले आणि मागचे दूध तळाशी राहिले, तर एकाच्या दुधाचा कस दुसऱ्याच्या नावे लागतो. येथेही तसेच घडते. संवेदकाची तार तुटलेली असेल किंवा त्याच्या मंडलाचा रोध फार मोठा असेल, तर धारित्र वेळेत नव्या दाबाला येत नाही व शेजारच्या वाटेचा दाब त्यात रेंगाळतो. म्हणूनच या परिवर्तकासाठी सुमारे १०,००० ओहम किंवा त्याहून कमी रोधाचा स्रोत योग्य मानला जातो.

दोष शोधताना पुढील क्रम पाळावा.

१. प्रथम मल्टिमीटरने संदर्भ दाब मोजावा. तो ५ ऐवजी ४.७ व्होल्ट असेल, तर सर्वच वाटांचे हिशेब चुकतात. नंतर संशयित वाटेवरील दाब मोजून अंकाशी ताडून पाहावा. मीटर लावताच अंक बदलल्यास तार सुटलेली आहे किंवा रोध फार मोठा आहे, असे समजावे.

२. संशयित वाटेवरील संवेदक काढून ती वाट शून्य दाबाच्या तारेस जोडावी. अंक ० च्या आसपास स्थिर राहिल्यास दोष संवेदकात किंवा त्याच्या तारेत आहे. तसे न झाल्यास कार्यक्रमात वाटेचा क्रमांक चुकला आहे काय, हे तपासावे.

३. संवेदक पुन्हा जोडून, त्याच्या लगेच आधी मोजल्या जाणाऱ्या वाटेस प्रथम शून्य व मग ५ व्होल्ट दाब द्यावा. संशयित अंक त्याच्यामागे हलू लागला, तर मागील वाटेचा अवशेष सिद्ध झाला.

४. एकाच वेळी अनेक वाटा बिघडल्यास संवेदक एकेक करून काढावेत. एखाद्या वाटेवर पुरवठ्याहून अधिक दाब आल्यास शेजारच्या नोंदीही बिघडतात आणि चिपलाही अपाय होतो. अशी वाट तत्काळ तोडावी.

उपाय फारसे खर्चाचे नाहीत. सुटलेली तार प्रथम पक्की करावी. वाट बदलल्यावर दोनदा वाचून पहिला अंक टाकून द्यावा. वाट व शून्य दाबाची तार यांमध्ये ०.१ मायक्रोफॅरडचा धारित्र जोडल्यास आतील छोटा धारित्र चटकन भरतो. मातीचा ओलावा सावकाश बदलत असल्याने येथे हा उपाय निर्धोक ठरतो. वेगाने बदलणाऱ्या दाबासाठी मात्र ऑप-अँपचे साहाय्य घ्यावे. रिकाम्या वाटांचे अंक कार्यक्रमात वाचूच नयेत.

दहा नोंदींची सरासरी काढून भागेल, असा समज आढळतो. सरासरीने आकड्याची थरथर कमी होते. पण दहाही नोंदी एकाच बाजूला चुकलेल्या असतील, तर सरासरीही तितकीच चुकते.

शिक्षकांनी ही तपासणी विद्यार्थ्यांकडून करवून घ्यावी आणि प्रत्येक पायरीवरील अंक वहीत लिहावयास लावावेत. एका वेळी एकच बदल करावा. आणि अखेरीस वाफ्यातील माती हाताने चाचपून पाहावी. यंत्राचा आकडा तिच्याशी जुळला, तरच पंपाचा कारभार त्याच्या हाती सोपवावा.