भूकंप मोठा की गरिबी मोठी? नेपाळ २०१५ : एक पाठ



भूकंपाचा धडा सुरू करताना मुलांना आधी एक प्रश्न विचारून बघा. भूकंपात माणसं कशामुळे मरतात? बहुतेक मुलं सांगतात, "जमीन फाटते आणि माणसं आत जातात." सिनेमात तसंच दाखवतात ना! प्रत्यक्षात बहुतेक माणसं अंगावर घर कोसळून मरतात.

मग फळ्यावर २०१० सालचे दोन भूकंप लिहा. १२ जानेवारीला हैतीत ७.० तीव्रतेचा, २७ फेब्रुवारीला चिलीत ८.८ तीव्रतेचा. चिलीतल्या भूकंपाची ऊर्जा जवळपास ५०० पट जास्त. मृत किती असतील, अंदाज करायला सांगा. चिलीत सुमारे ५००, हैतीत एक लाखाहून बरेच अधिक! अर्थात केवळ तीव्रतेवर सगळं ठरत नाही. हैतीत भूकंपाचं केंद्र राजधानीच्या अगदी जवळ होतं. पण चिलीत बांधकामाचे नियम कडक आहेत आणि ते पाळलेही जातात. हैतीत सिमेंट-लोखंडात काटकसर केलेली घरं एकावर एक चढलेली होती.

आता जवळचं उदाहरण घेऊ, नेपाळचं. २५ एप्रिल २०१५, सकाळी ११ वाजून ५६ मिनिटं, गोरखा जिल्ह्यातलं बारपाक गाव, तीव्रता ७.८. सुमारे ९ हजार माणसं गेली, जवळपास ५ लाख घरं पूर्ण पडली. त्या वेळी नेपाळ अल्प उत्पन्न गटातला देश होता. पडलेली बहुतेक घरं दगड किंवा विटा मातीत रचून बांधलेली. डोंगरात दगड-माती फुकट मिळते, सिमेंट मात्र विकत घेऊन घाटरस्त्याने आणि पुढे पाठीवर वाहून न्यावं लागतं. मग माणूस कशाने घर बांधणार?

तो दिवस शनिवार होता. नेपाळमध्ये शनिवारी साप्ताहिक सुट्टी असते. सुमारे २५ हजार वर्गखोल्या पूर्णपणे कोसळल्या, त्या सगळ्या रिकाम्या होत्या. हे वाचून माझा तरी श्वास अडकतो. हाच भूकंप रविवारी, शाळेच्या वेळेत झाला असता तर? पण काठमांडू खोऱ्यात काही शाळांच्या इमारतींचं आधीच मजबुतीकरण केलेलं होतं, आणि त्या उभ्या राहिल्या. नवी इमारत बांधण्यापेक्षा हे काम खूप स्वस्तात होतं. म्हणजे गरीब देशाला काहीच जमत नाही, असंही मुलांना सांगू नका.

मदतीचं काय झालं? भारतासह अनेक देशांची पथकं लगेच पोचली. पण मोठी विमानं उतरू शकतील असा विमानतळ एकच, काठमांडूचा, आणि त्यालाही एकच धावपट्टी. दरडींनी रस्ते बंद. त्यामुळे ढिगाऱ्यातून पहिली माणसं काढली ती शेजाऱ्यांनीच, हातांनी आणि कुदळीने. गावातले कितीतरी तरुण आखाती देशांत आणि मलेशियात कामाला गेलेले, मागे बायका, म्हातारी माणसं आणि मुलं. १२ मे रोजी पुन्हा ७.३ चा धक्का बसला. तरी ३१ मेपासून शाळा सुरू झाल्या, बांबू आणि ताडपत्रीच्या वर्गांत.

घर बांधायला सरकारने टप्प्याटप्प्याने ३ लाख नेपाळी रुपये दिले. १.६ ने भागायला लावा, म्हणजे आपले १ लाख ८७ हजार ५०० होतात. एवढ्यात घर होईल का, हे मुलांनी घरी विचारून यावं. पुढचा हप्ता बांधकाम भूकंपरोधक आहे असं तपासल्यावरच मिळायचा. अट योग्यच, पण पुनर्बांधणीचं प्राधिकरण स्थापन व्हायलाच डिसेंबर उजाडला. अनेक कुटुंबांचे दोन-दोन पावसाळे पत्र्याच्या खोपटात गेले.

लातूर-धाराशिवच्या शिक्षकांना हे ओळखीचं वाटेल. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारी परिसरात भूकंप झाला तो नेपाळपेक्षा कितीतरी लहान, सुमारे ६.२ चा. पण वेळ पहाटे चारच्या आसपासची, माणसं झोपेत, वर माळवदाचं ओझं आणि मातीत रचलेल्या जाडजूड दगडी भिंती. अशा भिंतीचे बाहेरचे आणि आतले दगड एकमेकांत गुंतलेले नसतात, हादरा बसला की ते सुटे होऊन ढासळतात. भिंतीच्या आरपार जाणारे लांब दगड मधेमधे घातले आणि चारही भिंतींना बांधून ठेवणारा पट्टा फिरवला, तर तेच दगड बराच वेळ धरून राहतात.

हे वर्गात दाखवणं सोपं आहे. काड्यापेट्यांच्या दोन रांगा शेजारी-शेजारी रचून भिंत करा आणि बाक हलवा. दुसऱ्यांदा काही पेट्या आडव्या, दोन्ही रांगांवर येतील अशा ठेवा आणि वरून दोरा गुंडाळा. मग बाक हलवायचं काम मुलांकडे द्या.